एमजीबी चालता चालता बंद पडते: दोष करंटचा की पेट्रोलचा?

तिसरे गेट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची इंग्रजी स्पोर्ट्स कार आहे. मामांकडून आलेली ही गाडी शक्य तितकी मूळ स्वरूपात ठेवण्याचा माझा प्रयत्न असतो. १७९८ सीसीचे इंजिन, एसयूचे दोन कार्बोरेटर, प्लगना क्रमाने करंट वाटणारा लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर, त्यात कॉइलचा प्रवाह तोडणारे-जोडणारे पॉइंट आणि कंडेन्सर, सीटच्या मागे फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि त्या काळच्या इंग्रजी गाड्यांच्या रिवाजाप्रमाणे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले, असे सगळे अजून जागेवर आहे. गाडी एरवी गुणाची आहे. परंतु पावसाळा संपल्यापासून ती चालता चालता बंद पडू लागली आहे आणि तिला घेऊन शहराबाहेर जाण्याची हिंमत होत नाही.

लक्षणे जशी दिसली तशी लिहितो. टिळकवाडी, कॅम्प, खडेबाजार असा बेळगाव शहरातला फेरा असेल तर काहीही त्रास होत नाही. हायवेवर वंटमुरी घाटाचा चढ ती एका दमात चढते, तिथेही काही नाही. चढ संपून रस्ता सपाट झाला, टॉप गियर पडला आणि साठ-सत्तरच्या वेगाने पाय हलका ठेवून गाडी नुसती वाहू दिली, की अचानक गचके सुरू होतात. अशा वेळी क्लच दाबला तर इंजिन बंदच होते. गाडी कडेला घेऊन, बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटे थांबतो आणि मग सेल्फ मारला की काही झालेच नाही अशा थाटात ती चालू होते. गोव्याहून चोर्ल्यामार्गे परतताना अख्खा घाट ती बिनतक्रार चढली आणि कणकुंबीच्या पुढे, जंगलातल्या सरळ रस्त्यावर बंद पडली.

एका गॅरेजमध्ये प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणारी कॉइल एकदमच नवे टाकून झाले, पेट्रोल पंपही उघडून साफ केला. फरक शून्य. आता दोन्ही कार्बोरेटर उतरवायला सांगितले आहेत. त्याआधी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा.

चोर्लामार्गे

ही सरळ सरळ व्हेपर लॉकची केस वाटते. घाट चढताना इंजिन तापते, त्या उष्णतेने पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ढकलता येत नाही आणि कार्बोरेटर कोरडे पडतात. गार झाले की वाफ जिरते आणि गाडी चालू होते. आमच्या वडिलांच्या अँबॅसेडरला उन्हाळ्यात हेच व्हायचे. पंपावर ओले फडके टाकून पाच मिनिटे थांबले की काम व्हायचे, त्यामुळे जांबोटीला चहा ठरलेला असे. आपली गाडी थांबल्यावरच चालू होते, यावरून उष्णतेचाच प्रकार दिसतो.

उद्यमबाग

चोर्लामार्गे यांचा अँबॅसेडरचा अनुभव अगदी खरा आहे, पण तो या गाडीला जसाच्या तसा लागू होणार नाही. अँबॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन आणि एमजीबीचे इंजिन ही एकाच घराण्यातली, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजमधली भावंडे आहेत आणि एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीला तर हेच १४८९ सीसीचे इंजिन होते. आपल्याकडचा जुना अँबॅसेडर मिस्त्री एमजीबीचे बॉनेट उघडून बुजत नाही तो त्यामुळेच. परंतु अँबॅसेडरचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगाला बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो, वर इंजिनची धग लागते, म्हणून तिथे वाफ धरते. एमजीबीचा एसयू पंप विजेवर चालणारा असून तो गाडीच्या मागच्या भागात, टाकीजवळ आहे आणि तो पेट्रोल पुढे ढकलतो. पाइपमध्ये दाब असल्यामुळे तिथे वाफ धरण्याचा संभव बराच कमी होतो. गाडी उन्हात थोडा वेळ बंद ठेवल्यावर कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळून पुन्हा चालू होताना कुरकुर होऊ शकते. मात्र वाऱ्यावर साठच्या वेगाने धावणाऱ्या गाडीचे हे दुखणे नव्हे.

आता मूळ प्रश्न. कोणताही भाग बदलण्यापूर्वी गाडी बंद पडते त्या क्षणी काय नाहीसे होते, करंट की पेट्रोल, एवढे एकच ठरवायचे असते. हे ठरवण्याचे साधन आपल्या डॅशबोर्डवरच आहे. आपल्या सालच्या एमजीबीचा आरपीएमचा काटा विजेवर चालतो. इग्निशन स्विचकडून कॉइलकडे जाणारी पांढरी वायर त्या मीटरच्या मागून एक वेढा घेऊन जाते आणि कॉइलचा प्रवाह जितक्या वेळा तुटतो-जुळतो तितके ठोके मोजून मीटर काटा हलवतो. पेट्रोल संपत आले तर इंजिनची ताकद हळूहळू जाते, पण गाडी गियरमध्ये असेपर्यंत चाके इंजिनला फिरवत राहतात, पॉइंट उघड-मीट करत राहतात आणि काटा इंजिनच्या वेगाबरोबर सावकाश खाली येतो. याउलट कॉइलचा प्राथमिक प्रवाहच, म्हणजे बॅटरीकडून कॉइलमधून पॉइंटकडे जाणारा प्रवाह, तुटला, तर इंजिन फिरत असूनही काटा क्षणात शून्यावर आपटतो. प्लगच्या बाजूचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर, वरची कॅप किंवा कॉइलपासून कॅपकडे येणारी मेन वायर यांचा दोष असेल तर मात्र पॉइंट आपले काम करतच असतात, त्यामुळे काटा हलत राहतो आणि गाडीत दम नसतो.

तेव्हा तीन गोष्टी पाहून सांगाव्यात. गचका बसतो तेव्हा काटा काय करतो? गाडी बंद पडल्यावर इग्निशन चालू ठेवून मागून पंपाची टकटक ऐकू येते का, आणि आली तर ती थोड्या ठोक्यांनंतर थांबते का? टकटक थांबली तर पेट्रोल पोचलेले आहे, अखंड चालू राहिली तर पंप हवा ओढतो आहे किंवा फ्लोटची वाटी भरत नाही, आणि मुळीच आली नाही तर पंपाचे पॉइंट, त्याची वायर किंवा त्याचे अर्थिंग पाहावे लागेल. तिसरी गोष्ट, बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण उघडून आत हवा शिरल्याचा सुस्कारा येतो का ते ऐकावे. आला, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे.

आणि आणखी एक. आपण दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर गाडी चालू होते असे लिहिले आहे. न थांबता, त्याच क्षणी सेल्फ मारून पाहिला आहे का?

ही पाहणी करताना इंजिन बंद असेल तर इग्निशन उगाच जास्त वेळ चालू ठेवू नये, कारण पॉइंट मिटलेल्या अवस्थेत असतील तर कॉइलमधून सतत प्रवाह जाऊन ती तापते.

निपाणीकर

उद्यमबाग यांनी मुख्य वाट दाखवली आहेच. मी एका बाजूच्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपली गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे आणि कॉइल नवी टाकली आहे. हल्लीच्या कॉइलवर जुन्या खुणांऐवजी अधिक आणि उणे अशी चिन्हे असतात, आणि खोक्यावरच्या चित्रात उणे टोक डिस्ट्रिब्युटरला जोडलेले दाखवलेले असते. ते चित्र निगेटिव्ह अर्थच्या गाडीसाठी आहे. आपल्या गाडीत कॉइलचे अधिक टोक डिस्ट्रिब्युटरकडे आणि उणे टोक इग्निशनच्या पांढऱ्या वायरकडे गेले पाहिजे. उलटे जोडले तरी गाडी चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु प्लगच्या मधल्या, तापलेल्या टोकावरून ठिणगी सुटणे सोपे असते आणि जोडणी उलटी झाली की ती थंड बाजूने सुटू पाहते. त्यासाठी जास्त दाबाचा करंट लागतो आणि प्लगची फट थोडी वाढली किंवा इंजिनवर भार आला की मिसिंग सुरू होते.

कॉइलचा प्राथमिक रोधही मोजून घ्यावा. या गाडीला साधारण तीन ओहमची कॉइल लागते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या गाड्यांत प्रवाह कमी करणारी रोधक वायर असते आणि त्यांच्यासाठी साधारण दीड ओहमची कॉइल येते. ती आपल्या गाडीवर चढवली तर दुप्पट प्रवाह जाऊन कॉइलही तापेल आणि पॉइंटही जळतील.

काही मंडळी आता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा असे सुचवतीलच, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. नेहमी मिळणारे संच बहुधा निगेटिव्ह अर्थचे असतात आणि ते आपल्या गाडीला जोडले तर पहिल्याच चावीला निकामी होतात. शिवाय मूळ दोष वायरीत असेल तर नवा संचसुद्धा त्याच वायरीवर बसणार.

खानापूर रोड

पावसाळ्यानंतर त्रास सुरू झाला असे लिहिले आहे म्हणून विचारतो, कॅप आणि रोटर पाहिले का? आमच्या भागातल्या दमट हवेत कॅपच्या आतल्या बाजूला बारीक काळी रेघ उमटते आणि करंट त्या रेघेवरून पळतो. रात्री दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली पाहिले तर निळसर ठिणग्या फिरताना दिसतात. हल्लीच्या काही रोटरमध्ये पितळी पट्टी ज्या रिबिटाने धरलेली असते त्या रिबिटातून करंट खालच्या दांड्यात उतरतो. त्याची परीक्षा सोपी आहे. कॅप काढून कॉइलची मेन वायर, चांगल्या रबरी मुठीच्या पकडीने धरून, रोटरच्या पितळी पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणावी, इग्निशन चालू करावे आणि मिटलेले पॉइंट लाकडी काडीने उघडावेत. रोटर चांगला असेल तर नाव घेण्यासारखी ठिणगी पडत नाही. टणकन ठिणगी पडली तर रोटर फेकून द्यावा.

तिसरे गेट

सर्वांचे आभार. काकती ओलांडून पुढे जाऊन आलो आणि शेजारच्या सीटवर बसवलेल्या मुलाला फक्त काट्याकडे पाहायला सांगितले होते. प्रत्येक गचक्याला काटा शून्यावर आपटतो आणि गचका संपला की पुन्हा वर उसळतो. तो हळूहळू खाली येत नाही. गाडी बंद पडल्यावर पंपाची टकटक काही ठोक्यांनंतर थांबते. झाकण उघडल्यावर सुस्कारा नाही.

उद्यमबाग यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मलाच चकित करणारे निघाले. बंद पडल्याबरोबर, गाडी अजून कडेला घरंगळत असतानाच सेल्फ मारला आणि ती लगेच चालू झाली. दहा मिनिटे थांबण्याची काही गरज नव्हती.

निपाणीकरांची शंका खरी ठरली. नव्या कॉइलची जोडणी उलटी होती. ती सरळ केली, रोध मोजला, तो तीन ओहमच्या किंचित वर भरला. खानापूर रोड यांनी सांगितलेल्या परीक्षेत रोटर पास झाला आणि अंधारात कॅपवर काही दिसले नाही. कॉइल सुलटी केल्यावर चढावरची ओढ सुधारल्यासारखी वाटते, परंतु सपाट रस्त्यावरचे गचके जसेच्या तसे आहेत.

उद्यमबाग

आपण फार उपयोगी माहिती आणली आहे. आता उष्णता बाद, पेट्रोल बाद आणि प्लगच्या बाजूचा करंटही बाद. कॉइलचा प्राथमिक प्रवाह तुटतो आहे आणि इंजिन थांबताक्षणी तो आपोआप जुळतो आहे. बॉनेट उघडेपर्यंत दोष जागेवर राहतच नाही, म्हणून कडेला उभे राहून केलेल्या प्रत्येक तपासणीत सगळे ठीकच सापडणार.

इथे आपल्या पहिल्याच प्रतिसादातली एक ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चढावर त्रास नाही, शहरात नाही, सपाट रस्त्यावर पाय हलका असताना मात्र आहे. पाय हलका असताना इंजिनमध्ये अशी कोणती गोष्ट घडते जी चढावर घडत नाही? डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला एक पत्र्याची डबी असते आणि तिच्यापासून एक बारीक नळी कार्बोरेटरकडे जाते. थ्रॉटल थोडा उघडा असून भार कमी असतो तेव्हा त्या नळीत व्हॅक्यूम सर्वांत जास्त तयार होतो, डबीतला पडदा ओढला जातो आणि ज्या थाळीवर पॉइंट बसवलेले असतात ती थाळी थोडी फिरते, म्हणजे ठिणगी लवकर पडते. चढावर थ्रॉटल पुरता उघडल्याने व्हॅक्यूम पडतो आणि थाळी मूळ जागी येते. इंजिन आयडलवर असताना थ्रॉटल मिटलेला असल्यामुळे आपल्या गाडीत या नळीला व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. गाडी बंद पडली तर तो अर्थातच जातो.

थाळी अशी सतत हलत असल्यामुळे तिच्यावर येणाऱ्या वायरी लवचिक ठेवाव्या लागतात. २५डी४ मध्ये अशा दोन वायरी आहेत. एक बाहेरून पॉइंटकडे येणारी आणि दुसरी थाळीला डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीशी जोडणारी, कापडी आवरणाची, बोटभरही लांब नसलेली अर्थिंगची वायर. या दोहोंपैकी एक आतून तुटलेली असावी असा माझा अंदाज आहे. पॉइंट आणि कंडेन्सर संच म्हणून विकत मिळतात आणि म्हणून ते बदलले जातात. ही वायर कोणत्याच संचात येत नाही, त्यामुळे तिच्याकडे पाहण्याचे कोणाला कारणच पडत नाही.

अंदाज पडताळून पाहायला पैसा लागत नाही. डबीवरची नळी काढावी, नळीचे तोंड एखाद्या लहान स्क्रूने बंद करावे आणि गाडी त्याच रस्त्याला न्यावी. इंजिनला यात धोका नाही, पेट्रोल थोडे जास्त जाईल इतकेच. गचके गेले तर दोष थाळीच्या हालचालीशीच निगडित आहे.

त्यानंतर घरी दुसरी परीक्षा करावी. पार्किंगच्या दिव्याचा एक साधा बल्ब घ्यावा, त्याची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि दुसरी बॉडीला लावावी. एलईडीचा टेस्टर वापरू नये, तो पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत उलटा लागून दिशाभूल करतो. साध्या बल्बला दिशेचे सोयरसुतक नसते. कॅप काढून, टॉप गियर टाकून गाडी हाताने पुढे ढकलत पॉइंट पूर्ण मिटतील अशा जागी आणावी आणि इग्निशन चालू करावे. पॉइंट मिटलेले आहेत म्हणजे बल्ब विझलेला हवा. आता डबीला दुसरी एखादी स्वच्छ रबरी नळी लावून तोंडाने ओढावी. थाळी सरकताना दिसेल. पॉइंट मिटलेले असूनही बल्ब पेटला तर प्रवाहाची वाट तुटली.

चोर्लामार्गे

व्हेपर लॉकचा माझा मुद्दा मागे. परंतु एक शंका आहे. त्या मीटरमागच्या वेढ्याचीच जोडणी सैल असेल तर? तीही प्राथमिक प्रवाहाच्याच वाटेत आहे आणि सपाट रस्त्यावरच्या कंपनाने तीही तुटू शकते.

उद्यमबाग

शंका रास्त आहे आणि अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. मीटरच्या मागे पांढऱ्या वायरीचे दोन बुलेट कनेक्टर असतात आणि ते हिरवे पडले की अगदी अशीच लक्षणे दिसतात. पंप वेगळ्या फाट्यावरून चालत असल्यामुळे त्याची टकटक तेव्हाही ऐकू येते. फरक इतकाच की त्या दोषाला एक्सलेटरवरच्या पायाशी देणेघेणे नसते. तो बाळेकुंद्री रोडच्या खड्ड्यातही बोलेल आणि चढावरही बोलेल. नळी बंद करूनही गचके राहिले तर पुढची पायरी तीच. बॅटरीपासून कॉइलच्या इग्निशनकडच्या टोकापर्यंत फ्यूज घातलेली एक स्वतंत्र वायर टाकून गाडी चालवून पाहायची. मात्र ती वायर लावलेली असताना चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते, हे ध्यानात ठेवावे. त्यामुळे ती हाताशी येईल अशीच लावावी.

तिसरे गेट

नळीचे तोंड बंद करून संकेश्वरपर्यंत जाऊन आलो. जाताना नाही, येताना नाही, एकही गचका नाही. रविवारची सकाळ होती, रस्ता मोकळा होता आणि मुद्दाम पाय हलका ठेवून गाडी तशीच वाहू दिली. काटा जागचा हलला नाही.

घरी येऊन बल्बची परीक्षा केली. पॉइंट मिटलेले, बल्ब विझलेला. नळी ओढायला लागलो तशी थाळी सावकाश सरकली, आणि जवळजवळ शेवटच्या टोकाला पोचली तेव्हा बल्ब लुकलुकला, मग पेटून राहिला. नळी सोडली की विझला. मुलाने आणि बायकोनेही ओढून पाहिले, दर वेळी तेच.

मग भिंग घेऊन ती अर्थिंगची वायर पाहिली. वरून तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. कापडी आवरण तेलाने तपकिरी झालेले, पण अखंड. चिमट्याने मधोमध धरून वाकवली तर दोन्ही टोकांना ती ताठ राहत होती, परंतु स्क्रूखालच्या लगपासून (वायरीच्या टोकाची धातूची कडी) थोड्या अंतरावर एका जागी आतून पोकळ असल्यासारखी दुमडत होती. तिथे आवरण ब्लेडने चिरले तेव्हा तांब्याच्या सगळ्या तारा तुटलेल्या आणि टोकांना हिरवट-काळ्या झालेल्या दिसल्या. तुटकी टोके एकमेकांना नुसती टेकलेली होती. थाळी सरकली की ती दूर होत आणि परत आली की पुन्हा टेकत.

आता प्रश्न दुरुस्तीचा. तशी मूळ वायर मागवायची तर परदेशातून यावी लागेल. इथे काय वापरता येईल? घरातल्या वायरिंगचा तुकडा चालेल का?

उद्यमबाग

घरातल्या वायरिंगचा तुकडा कृपया लावू नये. त्याच्या तारा जाड असतात. त्याने थाळीची हालचालही अडते आणि थोड्याच दिवसांत लगजवळ तो पुन्हा तुटतो. मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात जावे आणि कार्बन ब्रशच्या मागे असते ती तांब्याची बारीक विणलेली वेणी मागावी. ती सतत हलण्यासाठीच बनवलेली असते. उद्यमबागेत अशी दुकाने हाकेच्या अंतरावर आहेत आणि तेवढ्या तुकड्याचे कोणी पैसेही घेत नाही. जुन्या वायरीपेक्षा ती आखूड नको. थाळी दोन्ही टोकांना पोचली तरी वेणीत थोडा झोल उरला पाहिजे, पण इतकाही नको की ती फिरत्या कॅमला किंवा पॉइंटच्या जिवंत टोकाला लागेल. लग शक्यतो दाबून बसवावेत. डाग द्यायचाच असेल तर शिसे वेणीत वर चढू देऊ नये, कारण चढलेल्या शिशाने वेणी ताठ होते आणि शिसे जिथे संपते तिथेच पुढे तुटते. अंगावर पातळ कापडी किंवा सिलिकॉनची स्लीव्ह घालावी.

तेवढ्यात दुसरी वायर, बाहेरून पॉइंटकडे येणारी, तीही त्याच चिमट्याने वाकवून पाहावी. तिचे वय तेवढेच आहे. ती तुटून बॉडीला टेकली तर बल्बची खूण उलटी मिळते, म्हणजे पॉइंट उघडले तरी बल्ब विझलेलाच राहतो. डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर दांडा बोटांनी आडवा हलवूनही पाहावा. बुश झिजून दांडा डुलत असेल तर पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि मग कितीही नवे पॉइंट घाला, आयडल स्थिर बसत नाही.

तिसरे गेट

वेणी बसवली. बल्ब लावून नळी ओढली, थाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि बल्ब विझलेलाच राहिला. व्हॅक्यूमची नळी पुन्हा जोडून चोर्ल्याच्या रस्त्याने कणकुंबीपर्यंत जाऊन आलो. गचके गेले. दुसरी वायर ठीक आहे आणि दांडाही डुलत नाही.

आता एक किरकोळ तक्रार उरली आहे. गाडी तापल्यावर गोवावेसच्या सिग्नलला आयडल खाली येतो आणि कधीकधी इंजिन विझते. चोक किंचित ओढला की टिकते. याचा त्या वायरीशी संबंध असू शकेल का?

हुक्केरीचा ऊस

त्याचा संबंध बहुधा आमच्या शेताशी आहे! चोक ओढल्यावर टिकते म्हणजे मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. पंपावर हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूच्याच कार्यक्रमात झाली होती, आणि ते इथेनॉल बऱ्याच अंशी आपल्याच जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यातून येते. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, आणि १९६६ चा कार्बोरेटर हे ओळखून पेट्रोल वाढवू शकत नाही. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरवरून ते वाढवतात. त्यामुळे तेव्हा बरोबर बसवलेले जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी नळी, आता पातळ मिश्रण देते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइपही एकदा दाबून पाहावेत. जुने रबर इथेनॉलने फुगते किंवा मऊ पडून त्याचा गाळ फ्लोटच्या सुईखाली अडकतो. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. पंप नेमके तेच आधी उचलतो.

निपाणीकर

मिश्रणाला हात लावण्यापूर्वी आधी करंटची बाजू पक्की करावी, असे सुचवतो. पॉइंटची फट १४ ते १६ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), प्लगची २५ थाऊ, आणि टायमिंग इंजिन थांबलेले असताना टॉपच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या, १० अंश आधी. त्यासाठी तोच बल्ब पुरेसा आहे. पुलीची खूण १० अंशांवर आणून, इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवावा आणि बल्ब जिथे नुकता पेटतो तिथे आवळावा. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असून रोटर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो, हे वायरी काढण्यापूर्वी लिहून ठेवलेले बरे.

उद्यमबाग

दोघांशीही सहमत आहे. त्या वायरीचा आणि सिग्नलवरच्या विझण्याचा संबंध नाही. आयडलवर थाळी हलतच नाही. पॉइंटची फट आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करू नये, कारण फट बदलली की टायमिंग बदलते. हे झाल्यावर इंजिन पूर्ण तापवून, दोन्ही कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या डॅशपॉटमध्ये तेल आहे याची खात्री करून मिश्रण पाहावे. प्रत्येक कार्बोरेटरखाली पिस्टन उचलण्याची एक लहान पिन असते. ती अगदी थोडी, मिलिमीटरहूनही कमी, वर दाबावी. इंजिनचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर आहे, वाढून तसाच राहिला तर जाड आहे आणि इंजिन लगेच अडखळले तर पातळ आहे. आपले अडखळेल असे वाटते. जेटचा षटकोनी नट खाली सरकवला की मिश्रण जाड होते. एका वेळी एकच पैलू फिरवावा, दोन्ही कार्बोरेटरला सारखाच फिरवावा आणि दर वेळी इंजिनला थोडा वेग देऊन मगच पुन्हा पिन दाबावी.